वहिनीनं पाळलेलं ग्रहण

"गर्भाशय काढावं लागलं. अंडाशय मात्र शाबूत आहेत," अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, म्हणून माझा जीव वाचवायला ते काढलं होतं. बाळ आधीच गेलं होतं. पुढची दोन वर्षं मी कुणाच्या बारशाला गेले नाही.

मग त्याच मॅडमनी जेस्टेशनल सरोगसीबद्दल सांगितलं. म्हणजे बीज आईबापाचं, कूस दुसऱ्या बाईची. तिचं स्वतःचं बीज त्यात नसतं. पैसे देऊन कूस घ्यायला कायद्यानं बंदी आहे, आपण फक्त दवाखान्याचा खर्च आणि तिचा विमा करायचा. ती लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि जन्मात एकदाच हे करू शकते. मी म्हटलं, झालं! कोण करणार एवढं?

अमरावतीची माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी ठेवतो ना पोटात. त्याच्यात काय एवढं?"

त्याच्यात काय एवढं! मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले.

घाई असलेल्यांनो, आधी दम धरा. दाखले आणि कोर्टाचा आदेश यातच कित्येक महिने जातात. डॉक्टरांनी वहिनीला एकटीला बसवून विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना? गर्भ ठेवेपर्यंत तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता." मी बाहेरच्या बाकावर देव पाण्यात घालून बसले होते.

एम्ब्रिओ ट्रान्सफर म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ बारीक नळीनं गर्भाशयात सोडणं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा सोडताना पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला. खसखशीएवढा. अंगावर काटा आला माझ्या. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, राहिलं होतं.

सहाव्या महिन्यात वहिनीला जेस्टेशनल डायबिटीस निघाला, म्हणजे गरोदरपणात वाढणारी साखर. जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं.

आणि तेव्हाच ग्रहण आलं. आमच्याकडं पोटुशीनं ग्रहण पाळायचं असतं. चिरायचं नाही, खायचं नाही, नाहीतर लेकरात व्यंग येतं म्हणतात. मी बी.एस्सी. झालेली बाई, पण एक बाळ गमावलं होतं ना! अकोल्याहून फोन केला, "वहिनी, दुपारपासून ग्रहण सुटेपर्यंत काही खाऊ नका हं."

ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळी दादाचा फोन आला. वहिनी घामानं भिजून पडली होती, हाक मारली तर ओ देत नव्हती. मिळेल त्या गाडीनं मी अमरावती गाठली. तिला सलाईन लागलं होतं, शुद्ध आली होती.

"इंजेक्शन घेतलं आणि जेवल्याच नाहीत!" डॉक्टर कडाडले. "साखर एकदम उतरली, हायपोग्लायसेमिया. दोघांचा जीव गेला असता. बाळाचे ठोके ठीक आहेत, नशीब समजा. उपाशी राहायला सांगितलं कोणी?"

"मी," मी म्हटलं.

डॉक्टरांचं इंजेक्शन चुकवायचं नाही आणि माझा शब्द मोडायचा नाही, तिनं दोन्ही पाळलं होतं.

रडत रडतच मी विचारलं, "तुमच्या मुलीच्या वेळी पाळलं होतं का हो?"

"छ्या! तिच्या वेळी तं मी ग्रहणात भजे हाणले," वहिनी हळूच हसली. "पण हे तुहं लेकरू हाय ना वं. त्याच्यात माही मर्जी कशी चालवू?"

लाज वाटली मला. या रस्त्यानं जाणाऱ्यांना एवढंच सांगते, बाळ तुमचं असलं तरी अंग तिचं आहे. तिनं काय खावं, कधी निजावं, हे ती आणि तिचे डॉक्टर बघतील. तुम्ही तिच्या ताटात बोट घालू नका. ती तुम्हाला नाही म्हणणार नाही, तिथंच खरा धोका आहे.

त्यानंतर मी फक्त "बऱ्या आहात ना?" एवढंच विचारायचे.

नववा भरता भरता ती मोकळी झाली. मला आत बोलावलं. सिस्टरनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढं केलं, मुलगी होती. पण माझे पाय खाटेकडं वळले. मी वहिनीचा हात धरला, कपाळ पुसलं. घामेजलेला, दमलेला तिचा चेहरा. एका बाईच्या अंगात एवढं बळ कुठून येतं, हेच मला कळेना. नजर हटत नव्हती.

वहिनी खेकसली, "अवं येडे, माह्याकडं काय पाहून राहिली? नऊ महिने माह्याकडंच पाह्यलं ना तू? आता तिच्याकडं पाह्य!"

मग मी वळून माझ्या लेकीकडं पाहिलं.