बैलगाडी वेशीतूनच नेली

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली करताना बाहेरख्यालीपायी मला गरमीचा रोग जडला. डॉक्टर म्हणाला, “बायकोलाही सुया द्याव्या लागतील, नाहीतर पोटातलं मूल जाईल.” आमच्याकडं अशा बाईला माहेरी धाडत आणि रोग तिनंच आणला म्हणत. भावकीनं मला तेच सांगितलं. मी ऐकलं नाही. भर दुपारी तिला बैलगाडीत शेजारी बसवून वेशीतून निघालो.

पारावरून चुलत्यानं विचारलं, “कुटं निघाली वरात?”

“दवाखान्यात, आबा. रोग माझा हाय, तिला मी दिलाय. आणखी कुणाला यायचं असंल तर गाडीत जागा हाय.”

सुया संपेपर्यंत दर आठवड्याला त्याच वाटेनं गेलो. पोरगी धडधाकट जन्मली. बारशाला पारावरच्या सगळ्यांना मी मुद्दाम बोलावलं.