तांब्याच्या तोंडावरचं फडकं

फिरकीचा तांब्या प्रवासाला न्यावा, पण आधी फिरकी लावायला शिकावं, हे मला मेहकरहून खामगावला जाणाऱ्या सर्विस मोटारीत कळलं. मी नोकरीसाठी नागपूरला निघालो होतो. अंगात नवा कोट, मांडीवर पितळी तांब्या, आणि त्याचं झाकण उलट्या आट्यांवर घट्ट बसवल्याचा अभिमान. मोटार एका नाल्यात आदळली, झाकण उडालं आणि अर्धं पाणी शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर गेलं. ते खामगावचे कापसाचे व्यापारी होते, दाढी मेंदीने रंगवलेली. ते शांतपणे म्हणाले, "अरे भाई, हम सुबू नहाके निकले थे!" सगळी मोटार हसली. झाकण पायाखालच्या फळीच्या भोकातून रस्त्यावर पडलं ते पडलंच. मी तांब्याच्या तोंडावर तळहात दाबून बसलो. आज वाटतं, उरलेलं अर्धंही त्या भल्या माणसाच्या मांडीवर सांडायला हवं होतं.

पण त्या पाण्यावर माझा फार जीव होता. ते मायने भरून दिलं होतं. सुलतानपूरजवळ आमचं खेडं, आणि खेड्याला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट, ती म्हणजे आमची दगडी बारव. वरून खालपर्यंत पायऱ्या, मध्ये कोनाड्यात गणपती, आणि उन्हाळ्यात खाली गेलं की अंगावर गारवा यायचा. त्या सकाळी माय लंगडत पायऱ्या उतरली, लंगडत वर आली, आणि तांब्या हातात देऊन म्हणाली, "परक्या गावचं पानी बाधते, बाप्पा. ठेसनावरचं पेऊ नको. हेच पुरवून पुरवून पेजो."

मी आज्ञाधारक पोरगा. जलंबला गाडी बदलली तेव्हा पाणीवाला बादली घेऊन खिडकीशी आला, बडनेऱ्यालाही आला. दोन्हीकडे मी मान फिरवली. डब्यातली माणसं पोटभर पाणी पीत होती आणि मी तळहात उचलून एकेक घोट घेत होतो. नागपूर आलं तेव्हा शेवटचा घोट उरला होता. तो मी स्टेशनाबाहेर उभं राहून घेतला आणि मग शहरात शिरलो.

माय लंगडत का होती, ते आजच्या पोरांना सांगावं लागेल. तुम्हाला नारू माहीत नाही, हे बरंच आहे. चैत्रात आंब्याला कैऱ्या लागाव्यात तसा आमच्या गावाला नारू लागायचा. पायावर फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. तो ओढून काढला आणि आत तुटला, तर पाय सडायचा. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, पेरणीची घाई म्हणून असाच एक ओढला होता. त्याचा घोटा कायमचा आखडला. कोणी याचं फारसं नवल करत नव्हतं. नारूवाल्याला एकच सुख ठाऊक होतं. बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसायचं आणि आग होणारा पाय पाण्यात सोडायचा. पाणी बोचरं थंड, लगेच आराम पडायचा.

नागपुरात मला छापखान्यात कंपोजिटरची जागा मिळाली. पुढे मंडळींना आणलं. मंडळी म्हणजे आमच्या सौभाग्यवती, माहेर वरवट बकाल. नळाला तोंड लावलं की मी नाक मुरडायचो. "लोखंड चाटल्यावानी लागते. आमच्या बारवेचं पानी पेऊन पाहा म्हनजे समजंन." चाळीतल्या प्रत्येकाला मी हे ऐकवलं होतं. लोक नळावर माझा नंबर आला की म्हणत, "चला, बारववाले आले."

वर्ष उलटलं आणि चैत्रात माझ्या नडगीवर फोड आला.

मला कधीच नारू झाला नव्हता. झाला तो नागपुरात, नळाचं पाणी पिऊन. माझी खात्री झाली की मायचं म्हणणं खरं, परकं पाणी बाधलं. दवाखान्यात मी हे डॉक्टरांना ठासून सांगितलं. त्यांनी जंताचं टोक एका आगकाडीला गुंडाळलं, वर पट्टी बांधली आणि विचारलं, "गावाकडे पायऱ्यांची विहीर आहे?"

"आहे. फार गोड पाणी."

"नारू झालेले लोक त्यात पाय बुडवतात?"

"हो. आराम पडतो."

"आणि तेच पाणी पितात?"

मग त्यांनी समजावलं. पाय पाण्यात पडला की जंत आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते किडे पाण्यासोबत माणसाच्या पोटात जातात आणि वर्षाने कोणाच्या तरी पायातून दोरा बाहेर येतो. "तुमचा हा पाहुणा नळाचा नाही. गेल्या वर्षी गावाहून निघताना बरोबर घेऊन आलात."

घरी येऊन मी हे सांगितलं, तर मंडळींनी पोळी लाटता लाटता वर पाहिलं. "आमच्या वरवटले पानी खारट आहे म्हनून वर्षभर हिनवलं ना मले? खारट आहे, पन त्यातून दोरा नाई निघत."

मग कित्येक दिवस पाय स्टुलावर ठेवून मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत बसलो. डॉक्टर रोज काडी थोडी फिरवायचे. हात नव्या गावाची कामं करत होते आणि पायातून जुनं गाव थोडं थोडं बाहेर येत होतं. आणि तसं बसल्या बसल्या मला ती शेवटची पायरी दिसायची. मी गाव सोडलं त्याच्या आधी महिनाभर माय रोज दुपारी त्या पायरीवर पाय सोडून बसत होती. कधी मीही वरच्या पायरीवर बसून तिच्याशी बोलत होतो. आणि तिथलंच पाणी तिने तांब्यात भरून दिलं होतं.

हे मायला कळू द्यायचं नव्हतं. पण गप्पही बसता येत नव्हतं, कारण दादाची लेकरं तेच पाणी पीत होती. पाय बरा होताच आम्ही दोघं तोच बिनझाकणाचा तांब्या घेऊन गावी गेलो.

बारवेच्या पायऱ्या बंद करून वर गडगडी बसवा, असं सरकारी माणूस पूर्वी एकदा सांगून गेला होता. गावाने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. आता चावडीपुढे मी उभा राहिलो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पायऱ्या बंद होईपर्यंत तरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या म्हणालो. मागून आवाज आला, "नागपूरचं पानी लागलं याले."

दुसरा म्हणाला, "कोनाड्यातला गनपती भिंतीआड जाईन, त्याचं काय बे?"

"वर आणून बसवू," मी म्हणालो.

तेवढ्यात एक म्हातारबाबा काठी आपटत उठले. "बरं, जंत पाण्यात आले म्हंतो. मंग टाकले कोनं? कोनाच्या पायानं बारव नासली ते तर सांग!"

बायका कडेला उभ्या होत्या, त्यांत माय. तिने पदर तोंडाशी धरला होता. मी धोतर वर केलं आणि नडगीवरचा ताजा व्रण दाखवला.

"माह्या पायानं," मी म्हणालो. "म्याच बसत होतो पाय सोडून. माह्यामुळं झालं."

लोकांना व्रण दिसला, एवढं पुरलं. गुन्हेगार सापडला की गाव लवकर शहाणं होतं. म्हातारबाबांनी मला दोन शिव्या घातल्या आणि बारव बंद करायला पहिलं बोट त्यांनीच वर केलं. दादा खाली मान घालून जमीन उकरत बसला होता. गावात असताना माझ्या पायाला कधी नारू झाला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. आणि मायला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. रागावली असेल असं मी स्वतःला समजावलं. रात्री भाकरी वाढताना तिने एवढंच विचारलं, "लई आग होत होती का रे?"

"नाई वो माय," मी म्हणालो. "दवाखाना होता ना."

निघायच्या सकाळी माय दारात उभी होती. मी सवयीने तांब्यासाठी हात पुढे केला. तांब्या हलका लागला. रिकामा होता. झाकण तर मी केव्हाच हरवलेलं, म्हणून तिने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून, दुहेरी घडी करून तोंडावर सुतळीने घट्ट बांधला होता.

"ठेसनावरचं पेजो," ती म्हणाली. "गाळून पेजो."

बैलगाडी वळणावर गेली तरी मला मागे बघवेना.

त्याच साली पायऱ्यांवर भिंत उभी राहिली, गडगडी बसली, गणपती वर आला. दोर जड आहे म्हणून बायका बरेच दिवस मला शिव्या देत होत्या. हळूहळू नारू गेला. दादाचा घोटा मात्र तसाच राहिला, पेरणीच्या वेळी तो बांधावर बसून पोरांवर ओरडतो. माय त्यानंतर बारवेकडे कधी गेली नाही, असं वहिनी सांगते. पाणी दुसऱ्यांनी आणायचं, आणि प्यायच्या आधी ती दरवेळी विचारायची, "गाळलं ना?" आम्ही नागपूरला चल म्हटलं, तर नको म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेवटच्या आजारात मी पोचलो तेव्हा तिचं बोलणं थांबलं होतं. मी तिच्या ओठांना वाटीने पाणी लावलं. गडगडीने काढलेलं, गाळलेलं, आमच्याच बारवेचं.

आता सुटीत गावी जातो तेव्हा त्या भिंतीपाशी उभा राहतो. खालची शेवटची पायरी भिंतीआड अजून आहे, ओली, अंधारी. जे गावात राहिले त्यांना ती दिसत नाही, ते दोर सोडतात, बादली भरतात, घरी जातात. जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांच्यापैकी कोणी गावच्या पाण्याची तारीफ सुरू केली की मी तिथून उठतो. माझं घर त्या पायरीवर आहे आणि तिथे मला उतरता येत नाही. ती बंद करा असं चावडीत मीच सांगितलं होतं.

इकडे नागपुरात आमच्या नळाच्या तोटीला मायच्या लुगड्याचा तो तुकडा बांधलेला आहे. धुऊन धुऊन त्याचा रंग गेला, काठ तेवढा ओळखू येतो. परवा मायचं श्राद्ध करून आम्ही गावाहून परत आलो. तोटीखाली पाय धुताना मी सहज म्हणालो, "शहराचा नळ आहे हा, वरूनच साफ होऊन येते पानी. याले कायले पाहिजे फडकं? सोडून टाक आता."

मंडळींनी घागर नळाखाली सरकवली आणि फडक्याची गाठ ओढून आणखी घट्ट केली.

"मायनं बांधून देलं होतं," ती म्हणाली. "सोडा म्हनून नाई सांगतलं."