उलट्या हाताचे मामा

त्या दिशी मामानं हात उलटा केला न्हाई. सरळ धरलं. बाजेखालून धूर, वाकळंचा कोपरा पेटलेला, बाजेवर माजी बारसं बी न झालेली पोरगी, अन मी बाळंतीण, वल्ल्या केसानं नुसती किंचाळतेय. मामा त्यांच्या दारात पाय धूत व्हते, तसेच पळत आले, खाली बसले अन हिटर वढला. "लेकरू घे, भाईर व्हय!" मी घेतलं अन पळाले.

तुमाला मामा म्हाईत न्हाईत, म्हनून सांगते. आमच्या भिंतीला भिंत त्यांची. गावात कुनाचा पंखा, कुनाची मोटर, मामाच बगायचे. पन कशालाबी हात लावायच्या आदी पंजा उलटा करायचे, मागच्या बाजूनं हळूच शिवायचे. मी इचारलं, कावून? तर म्हनले, "पोरी, करंट लागला की मूठ आवळती. सरळ धरलं तर सुटत न्हाई. उलटा हात आपसूक मागं येतो."

मांजरसुंब्याला ढाब्यावर फ्रीज नीट करायला गेलते, तर ढाब्यावाला म्हनला, "मामा, फ्रीजचा ताप बगताव का?" मामा म्हनले, "बगतो की. तुजा बी बगू का? बायको आली की चढतो तुला."

माजी पोरगी बगायला आले, तवा तिच्या गालाला बी हात उलटाच. आक्का, मंजी त्यांची मालकीन, लई हसली. "आवो, लेकरू हाय त्ये, बोर्ड न्हाई!"

हिटरचं असं झालं. आमच्याकडं बाळंतिनीला न्हाऊ घातलं की बाजेखाली शेगडी ठिवत्यात. धुरानं पोरगी खोकायची, म्हनून ह्यांनी हिटर आनला. त्यो बंद पडला. मामानं खोलला, म्हनले, "थर्मोस्टॅट गेलाय. पुरं तापलं की त्योच हिटर बंद करतो." तसला मिळंना, म्हनून जुन्या इस्तरीतला बसवला. "ह्यो लई तापू देतो. बीडहून नवा आनूस्तोर कोपऱ्यात ठिवायचा. बाजेखाली न्हाई."

सासूबाई म्हनल्या, "शेक खालूनच लागतो ओ. कोपरा का बाळंत झालाय?"

मामा बी हसले, मी बी हसले.

दुसऱ्या दिशी न्हाऊन आले तर हिटर बाजेखाली. सासूबाईनं मायेनंच ठिवलावता. ऊब बरी वाटली, पोरगी गप निजली, माजा बी डोळा लागला. जाग आली ती धुरानंच.

दारातून मागं बगितलं तर मामा खालीच. मूठ हिटरवर, वायर जळून करंट त्यात उतरलेला. मी वरडले, माणसं आली, कुनीतरी मेन पाडला. तवर मामा गेलते.

आता पोरगी चालती. पन घरात बटन दाबायचं म्हनलं की मला घाम फुटतो. भिंतीपलीकडं कुनी खोकलं की वाटतं मामाच. मग आठवतं.

आक्का सांजच्याला येती, पोरीला मांडीवर घेती. एक शब्द वाकडा बोलली न्हाई कदी. फकस्त इचारती, "शेवटाला माजं नाव घेतलं का गं?"

तुमाला म्हनून सांगते, घेतलं न्हाई ओ. मामाला तेवडी फुरसतच कुटं घावली. आक्का माज्या तोंडाकडं बगत ऱ्हाती, पोरगी तिच्या बांगड्या वढती. मी म्हनते, "च्या ठिवते, आक्का," अन आत जाते. भाईर ती वाट बगत बसलेली असती. तुमी असता तर तिला काय सांगितलं असतं?