नानांच्या हातातलं माझं घड्याळ

नाना गेले तेव्हा त्यांच्या मनगटावर माझं घड्याळ होतं.

आज महिना झाला. कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

नाना म्हणजे धारचे घड्याळवाले. बसस्टँडमागच्या गल्लीत एवढंसं दुकान, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले नाना. माझ्या नात्यागोत्यातले कोणी नव्हेत.

मी देवासला शाळेत शिकवते. एकटी राहते. सहा वर्षांपूर्वी पेपर तपासायची ड्यूटी धारला लागली आणि तिथे माझ्या घड्याळाचा सेल संपला. नवा टाकायला गेले, तर काउंटरच्या काचेखाली ते दिसलं.

जुनं, किल्लीचं, जेंट्स घड्याळ. पांढरी डायल पिवळी पडलेली. बघताक्षणी आवडलं. का, ते विचारू नका. साडीच्या दुकानात माझं असं कधी होत नाही.

"हे विकायचंय?"

"ही चाबीची घडी आहे मॅडम. रोज सकाळी उठून चाबी द्यावी लागेल. घरात आठवण करून देणारं कोणी आहे?"

"नाही."

नानांनी भिंग काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग घेऊनच जा. उठल्यावर करायला काहीतरी असावं."

मला राग आला. आणि घड्याळ घेतलं.

डायल नवी रंगवून द्या म्हटलं, तर केवढे भडकले! "म्हातारी आहे, तर म्हातारी दिसू दे ना. तिला काय लग्नाला उभी करायचीये?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन. घड्याळ आठवड्यात किती पुढे गेलं, किती मागे पडलं, ते सांगायचं.

"दीड मिनिट पुढे, नाना."

"चलता है. भाजी काय केलीस?"

"अजून काही नाही."

"नऊ वाजले, अन् अजून काही नाही?"

मग मी शनिवारीच भाजी ठरवायला लागले. हसू नका. आठवडाभरात 'काय केलंस' विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकदा घड्याळ काढायला विसरले आणि तशीच भांडी घासली. काचेच्या आत वाफ धरली. इंदूरला बस बदलून त्याच दिवशी धार गाठलं.

"अरे भिया, नहला दिया क्या इसको!" भिया म्हणजे भैया. नाना सगळ्यांनाच भिया म्हणायचे, मलाही. उघडून, सुकवून, पुसून दिलं, आणि वर मलाच चहा पाजला.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. सगळं उघडून साफ करायचे, तेल द्यायचे, पण लगेच परत द्यायचे नाहीत. आठ दिवस स्वतःच्या हातात घालून हिंडायचे. म्हणायचे, "टेबलावर घडी शहाण्यासारखी चालते. माणसाच्या हाताला बांधली की खरी कळते."

यंदाही दिलं होतं.

रविवारी फोन आला नाही.

मेथी केली होती. साडेदहापर्यंत फोन समोर घेऊन बसले. मग मीच लावला. एका बाईंनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी... गिऱ्हाईक. देवासची."

"दुकान बंद झालं हो. हे बुधवारी गेले. दुकानातून आले, पलंगावर बसले, अन् बसल्या बसल्या गेले."

चार दिवस मला पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाला कोण कळवणार?

तेरावं झाल्यावर धारला गेले. खरं सांगते, भेटायला गेले आणि घड्याळ मागायलाही. सगळ्या वाटेत वाक्य जुळवत होते. आता तुम्हीच बघा, सत्तेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई दारात उभी राहून सांगणार, की तुमच्या नवऱ्याच्या हातात होतं ते घड्याळ माझं आहे. एकही वाक्य धड जुळेना.

काकूंनी पाणी दिलं. समोर नानांचा फोटो. फोटोपुढे ताटलीत माझं घड्याळ. चालू होतं.

मी तिकडे बघतेय हे काकूंनी पाहिलं.

"मुलानं सगळ्यांच्या घड्या परत केल्या. ह्यांची पद्धतच होती, आलेल्या घडीची चिठ्ठी लिहायची, नाव-गाव घालून. ही तेवढी हातात होती. सगळं दुकान उपसलं, पण हिची चिठ्ठी नाही मिळाली. तेव्हा समजलं, ही ह्यांची स्वतःची. जन्मभर लोकांच्या घड्या हातात घालून हिंडले, स्वतःला एक घेतली नाही. शेवटी घेतली हो."

आणि काकू हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

"मीच देते रोज चाबी," म्हणाल्या.

मी ताटलीकडे बघत राहिले. सहा वर्षं मी ते घड्याळ नानांकडे देत होते आणि त्यांनी माझी चिठ्ठी कधी लिहिलीच नव्हती. माझं नाव-गाव लिहून ठेवायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"तुमची एखादी घडी राहिली का आमच्याकडे?"

सहज 'हो' म्हणता आलं असतं. काकूंनी तेव्हाच्या तेव्हा उचलून दिलंही असतं.

"नाही काकू. मी सेल टाकायला यायचे."

आणि मग मला रडू फुटलं. एवढं रडणारं गिऱ्हाईक काकूंनी पाहिलं नसेल. बिचाऱ्या माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

काकू फेसबुकवर नाहीत. मुलगा हिंदी शाळेत शिकलेला, त्याला मराठी वाचता येत नाही. म्हणून बिनधास्त लिहितेय. धारच्या मंडळींनी कृपा करून तोंड बंद ठेवावं.

दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. मी काही न बोलता चपला घातल्या. काकूंनीही 'ये पुन्हा' म्हटलं नाही, रीतच आहे ती. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की आता धारला जायला मला काही कारणच उरलेलं नाही.

नाना, मी तुमची कोण होते, ते एकदा तोंडाने सांगितलं असतंत तर फार बरं झालं असतं.

नमस्कार करते.