फोटोतलं सोनं

स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: "फोटोत पेशंटच्या अंगावर भरपूर सोनं दिसत आहे. खुलासा करा."

मी दोनदा वाचलं. सरकारी योजनेत पेशंटच्या हृदयाबद्दल विचारतात, किडनीबद्दल विचारतात. गळ्यातल्या हाराबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं. कपाळ माझं!

मी पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर बसते. पेशंट दाखल झाला की त्याचे कागद पोर्टलवर चढवायचे. सोबत खाटेवरचा फोटो, म्हणजे माणूस खरंच दाखल आहे हे योजनेच्या ऑफिसात कळतं. मंजुरी आली की उपचार फुकट. मधेच कुणाला शंका आली तर तिला क्वेरी म्हणतात. क्वेरी सुटेपर्यंत पेशंट तिथेच अडकतो.

या वेळी अडकल्या होत्या तुळसाबाई. शिरढोणच्या बाजूच्या, साठीच्या. हृदयाची मुख्य नस जवळजवळ बंद. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, "अँजिओप्लास्टी आजच." म्हणजे नसेत फुगा घालून ती उघडायची आणि आत जाळीची नळी ठेवायची.

फोटो मीच काढला होता. "फोटो सरकारात जानार?" असं तुळसाबाईंनी विचारलं आणि उशाखालची पिशवी उघडली. ठुशी, हार, दोन्ही हातांत पाटल्या. छातीत दुखतंय आणि बाई पदर सारखा करतायत! आमच्याकडे गावची माणसं फोटोला अशीच बसतात, मग ते लग्न असो नाहीतर आधार कार्ड. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

क्वेरी घेऊन मी सुपरिंटेंडेंट सरांकडे गेले.

"सर, योजना आता सगळ्यांना आहे. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालतं. मग सोन्याचा संबंध काय?"

"काही नाही," सर म्हणाले. "श्रीमंतांना फुकट कशाला, असं कुणाला तरी वाटलं असणार. मलाही कधीकधी वाटतं. पण वाद घालत बसलीस तर दुपार जाईल. खुलासा टाक आणि मोकळी हो."

मी वॉर्डात गेले. खाटेशी तुळसाबाईंची विहीण बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा. शेजारी जावई उभा. तो बंदरात सुपरवायझर आहे.

"मावशी, हे सोनं खरं आहे का?" मी विचारलं. भर वॉर्डात. विहिणीच्या तोंडावर. अक्कल गहाण टाकली होती मी.

"मंग काय पितळ हाय?" तुळसाबाई कडाडल्या. "आमी काय भिकारी हाय काय?"

"अवो, आमची विहीण सोन्याबिगर घराभायेर पाय नाय टाकीत," विहीण कौतुकाने म्हणाली.

थोड्या वेळाने विहीण डबा धुवायला गेली. जावई फोनवर बोलत बाहेर गेला. तुळसाबाईंनी माझं मनगट धरलं.

"बाय, सगला खोटा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "खरा होता तो मालकांच्या आपरेशनला इकला. तवा आमचा कार्ड पांढरा, तर आमाला योजना नाय बोलले. पोरीच्या सासरी कोनालाच म्हाईत नाय. तू बोलू नको, तुला तुज्या आयेची शपथ."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

आणि नाहीच बोलले. लिहिलं. "दागिने खोटे आहेत. खरे दागिने पतीच्या उपचारासाठी विकले आहेत." दहा मिनिटांत मंजुरी आली. मला तर माझंच कौतुक वाटलं. चहाही सांगितला मी.

आत नेताना सिस्टरने दागिने उतरवून घेतले आणि रजिस्टरात लिहिलं, "पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन." हॉस्पिटल कधीही "सोनं" लिहीत नाही. नंतर कटकट नको म्हणून ही जुनी रीत आहे. सिस्टरच्या रजिस्टरात बाईंची अब्रू झाकलेली राहिली.

माझ्या कागदात नाही राहिली. मंजुरीची प्रिंट खुलाशासकट पेशंटच्या फाइलला लागते. आणि फाइल नातेवाइकाच्या हातात द्यायची ही आमची पद्धत. जावई ती घेऊन बाहेरच्या बाकावर तासभर बसला. वाचायला दुसरं काहीच नव्हतं.

नस उघडली. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. त्यालाही फोटो लागतो.

तुळसाबाई खाटेवर बसल्या होत्या. गळ्यात नुसती काळी पोत. विहीण आली नव्हती. जावई खिडकीबाहेर बघत होता.

"मावशी, दागिने नाही घालत?" मी विचारलं.

"कोनाला दाखवाला?" त्या म्हणाल्या. "तू सरकारला सांगितलास, सरकारनी जावयाला. काड फोटू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो काढला आणि चढवला. त्यावर काही क्वेरी आली नाही.

आता अशी क्वेरी आली की मी पेशंटकडे जातच नाही. टेबलावरूनच एक ओळ टाकते: "योजना सर्वांसाठी आहे. नियम सोबत जोडला आहे." मंजुरीला कधी दोन तास लागतात. सर कुरकुरतात. पण येते.

त्या दिवशीही आली असती.