अण्णा मिस्त्रींचा व्हिसा

दुसऱ्याने आवळलेला नट अण्णा मिस्त्रींनी कधी खरा मानला नाही. स्वतः पुन्हा पान्हा लावणार, "ढिला हाय की रं!" म्हणणार, मगच पुढचं काम. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर सोलापुरात ट्रकच्या गॅरेजात लागले. दूधवाला, कंडक्टर, सख्खा मेहुणा, संशयातून कुणी सुटला नाही. "माणूस लई गोड बोलाय लागला की खिसा चाचपावा," असं ते म्हणत.

सत्तरच्या दशकात आखातात विमानदुरुस्तीला माणसं हवी होती. मुंबईच्या एका एजंटाने इंग्रजी अर्ज पाठवला. पुन्हा विमानाला हात लागणार म्हणून अण्णा हरखून गेले. मी त्यांचा शेजारी, शाळेत कारकून. "एजंटावर माजा भरवसा न्हाय. तू लिव्ह," म्हणाले. धंद्याच्या रकान्यापाशी मी अडलो. विमानाच्या कारागिराला इंग्रजीत काय म्हणतात, देव जाणे! विचारायची लाज वाटली. सगळे म्हणत तेच इंग्रजी अक्षरांत ठोकून दिलं: मिस्त्री. अण्णांना खरा शब्द नक्की ठाऊक होता. पण त्यांनी कागद वाचलाच नाही. "तू लिवलंस म्हंजे झालं की," म्हणाले आणि सही केली.

चार महिन्यांनी व्हिसा आला, अरबीत. अण्णांना लगेच शंका. आम्ही तो मशिदीतल्या मौलवींकडे नेला. त्यांनी दोनदा वाचला. "अण्णा, इसमें तो गवंडी लिखा है."

माझ्या मिस्त्रीचा अरबी करताना मुंबईत कुणीतरी गवंडी केला होता. व्हिसावर असेल तोच धंदा करायचा, असा तिकडचा कडक नियम. गवंड्याला विमानाजवळ कोण फिरकू देणार? नवा अर्ज करेपर्यंत वयाची मर्यादा उलटली. "त्या हलकट एजंटाचंच काम हाय. कुटं इमान, कुटं थापी!" अण्णा येईल-जाईल त्याला सांगत. मी आपला मूग गिळून बसलेला. अण्णा पुन्हा ट्रकखाली शिरले, ते कायमचेच.

त्यांच्या शेवटच्या आजारात मला राहवेना. म्हणालो, "अण्णा, तो शब्द मी लिहिला होता. एजंटाचा दोष नाही, चूक माझी."

पडल्या पडल्या त्यांनी मला न्याहाळलं.

"तुलाबी फितवलं व्हय त्या एजंटानं?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

इतकी वर्षं गप्प होतो तोवर अण्णांचा माझ्यावर विश्वास होता. खरं बोललो, त्या दिवशी त्यांनी माझ्यावर पहिल्यांदा संशय घेतला.