नवऱ्याचं मुंडासं

वेस्तीची खात्री होती की पाऊस तिच्यामुळेच गेला. हे ती कुणाला बोलली नव्हती. पण मक्याची कोवळी पानं सुरळी करून बसलेली दिसली की ती मान फिरवून दुसऱ्या वाटेनं जायची.

झालं होतं ते असं. झाबुआकडच्या या मुलखात टेकाडागणिक एक घर, आणि घरातला धडधाकट गडी सुरतेला इमारतीच्या कामावर. तिचा नवरा दितिया पेरणीला येतो म्हणाला होता. रानाला वाफसा आला, तरी याचा पत्ता नाही. वेस्तीनं फोन लावला.

"स्लॅब पडायचाय. मुकादम सोडेना," दितिया म्हणाला. "नांगराला कुणीतरी बघ की."

"कुणाला बघू? गावात दोन म्हातारे उरलेत, आणि तेही एकमेकांना धरून चालतात!"

"मग थांब चार दिवस."

"मी थांबेन रे. ओल थांबेल का?"

तिकडून कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद पडला. हाच माणूस एके काळी वाफसा आला म्हणून भरल्या ताटावरून उठायचा.

बाईनं नांगराला हात लावला की पावसाचा देव बाबा इंद रुसतो आणि पाऊस आवरून घेतो, हे वेस्तीला कळत्या वयापासून ठाऊक. पण पाऊस अडला की याच गावच्या बाया गड्यांचे कपडे चढवतात, काठ्या घेऊन शेजारच्या गावावर धाड घालतात, बोकड पळवून आणतात, आणि तेव्हा तोच इंद खूश होऊन बरसतो. म्हणजे मुंडासं बांधलेली बाई त्याला चालते. मग मुंडासं बांधून नांगर धरला तर? वेस्तीनं पुष्कळ डोकं खाजवलं. विचारणार तरी कुणाला? शेवटी पेटीतून दितियाचं धोतर, सदरा आणि पांढरं मुंडासं काढून तिनं तांबडं फुटताना टेकडीमागच्या रानात बैल जुंपले. बैलसुद्धा बावचळले. नांगराचं एक तास या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं, बैल उभे करायचे, मागं येऊन बी टाकायचं. मुंडासं सारखं डोळ्यांवर यायचं, मातीच्या हातानंच ते वर सारायचं.

कपडे तिनं धुतले नाहीत. गडी सुरतेला आणि धोतर वाळत, हे कुणी पाहिलं असतं तर? तसेच पेटीत कोंबले. पाऊस मात्र तेव्हापासून जो गेला तो गेलाच.

अखेर म्हाताऱ्या झितरी काकीनं धाडीचा सांगावा धाडला. आपापल्या नवऱ्याचे कपडे घालून महुआच्या झाडाखाली जमा. वेस्तीनं पेटी उघडली. मुंडासं तर एकच, आणि तेही लाल मातीनं माखलेलं. चोरी आता उघडी पडणार.

ती पोचली तेव्हा काकी पलीकडच्या टेकाडावरच्या सुमलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सुमले, तुझा नवरा खुमान होळीपासून सुरतेला. मग मुंडाशाला ओली माती लागून वाळली ती कशी गं?"

"उंदरांनी..."

"उंदीर आता मुंडासं बांधायला लागले का?"

सुमलीनं शेजारी उभ्या नुरीकडं पाहिलं. नुरीच्या सदऱ्याच्या बाह्यांना तीच लाल माती. नुरीनं वेस्तीकडं पाहिलं. वेस्तीनं सगळ्याजणींकडं पाहिलं. एकीचंही मुंडासं पांढरं नव्हतं.

"अगं भवान्यांनो! सगळ्यांनीच?" काकी मटकन खाली बसली.

कुणीतरी फिसकन हसली, पण पुढं कुणालाच हसू आलं नाही. इतके दिवस प्रत्येकजण आपल्या टेकाडावर आपलंच पाप कवटाळून बसली होती.

"काकी," वेस्तीनं धीर करून विचारलं, "मग पाऊस नक्की कुणामुळं गेला?"

काकीनं एकेका मळक्या मुंडाशावरून नजर फिरवली.

"मला काय विचारतेस? माझ्या वेळी नवरे घरी होते."

मग ती गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि बोकड आणायला निघाली. बाया मागून चालू लागल्या. वेस्तीनं मुंडासं घट्ट आवळलं. बाबा इंदनं आत्ता वरून पाहिलं, तर त्याला नांगर धरणाऱ्या दिसतील की धाड घालणाऱ्या, हे तिला अजूनही कळत नव्हतं.